घसरली, असं तो म्हणाला

डेपोत बोहुस्लाव ह्रुदकाला सगळे ‘फादर’ म्हणत. तो फादर नव्हता की पाद्री नव्हता. दोन डब्यांची डिझेल गाडी चालवणारा साधा ड्रायव्हर होता. पण रविवारची ड्यूटी तो जमेल तोवर बदलून घ्यायचा आणि चर्चला जायचा. नाव पडायला एवढं पुरेसं होतं. चेक देशात, उत्तर बोहेमियातल्या त्या गावात रविवारी सकाळी लोक अळंबी गोळा करायला जंगलात जातात, नाहीतर बागेतल्या आपल्या खोपटात जाऊन टोमॅटोंना पाणी घालतात, नाहीतर सरळ झोपून राहतात. देवाला कुणाचा विरोध नव्हता. विरोध करावा इतकंही त्याचं कुणाला पडलेलं नव्हतं.

“काय फादर, आज वरून काय हुकूम?” ड्यूटीची पाटी वाचता वाचता स्तांदा विचारायचा. स्तांदा त्याच्याच बरोबरीचा ड्रायव्हर, वीस वर्षांचा दोस्त.

“वरून एवढंच कळवलंय, की तू माझा मग धुऊन ठेव,” बोहुश म्हणायचा. डेपोबाहेर त्याला सगळे बोहुशच म्हणत.

बायको व्लास्ता शाळेच्या स्वयंपाकघरात होती. ती फक्त नाताळला चर्चमध्ये यायची, तीही गाण्यांसाठी. “याचा देव आणि माझं थायरॉइड,” ती मैत्रिणींना सांगायची, “दोन्ही कुणाला दिसत नाहीत, पण घर त्यांच्याच तालावर चालतं.” बोहुश हसायचा. त्याने तिच्यामागे कधी लकडा लावला नाही, दुसऱ्या कुणाच्याही नाही. बोलायचं नाही, करायचं, हा त्याचा रिवाज होता. कुणाची रजा अडली तर तो ड्यूटी घ्यायचा. शेजारच्या म्हाताऱ्याचा कोळसा वर नेऊन द्यायचा. ख्रिस्त माझ्या तोंडातून नको, हातांतून दिसू दे, असं तो मनाशी म्हणायचा, आणि त्याबद्दल त्याला आतून थोडा अभिमानही होता.

मग तो फेब्रुवारी आला.

दुपारचे चार वाजले होते. उजेड विझायला लागला होता. बिअरमध्ये घालायच्या हॉप्सच्या वेलींसाठी उभे केलेले उंच खांब बर्फात रांगेने मोकळे उभे होते. लिपोव्का थांब्याच्या अलीकडे एक बिनफाटकाची पाऊलवाट रुळांवरून जाते. वळण संपलं आणि बोहुशला दिसलं, की पाऊलवाटेवर कुणीतरी उभं आहे. बाई होती. करड्या रंगाचा कोट, डोक्यावर काही नाही. त्याने भोंगा वाजवला, दोन्ही हातांनी ब्रेकचा दांडा पूर्ण ओढला. ती हलली नाही. तिने वर पाहिलं, थेट काचेतून त्याच्याकडे. आणि उजवा हात जरासा उचलला, रस्ता ओलांडू देणाऱ्या गाडीवाल्याला आपण करतो ना, तसा. माफ करा, जरा त्रास देते, अशा अर्थाचा.

गाडी थांबायला दोनशे मीटर लागले.

नंतर एक तरुण पोलीस अधिकारी आला. त्याची बोटं थंडीने लाल झाली होती, पेन नीट धरता येत नव्हतं. त्याने विचारलं, “वाटेवर बर्फ आहे. घसरली का ती?”

 बोहुशच्या मनात आलं, हिची आई असेल, कुणीतरी असेल. एक शब्द. एका शब्दाने त्यांचं उरलेलं आयुष्य थोडं सुसह्य होईल.

“घसरली,” तो म्हणाला.

पोलिसाने लिहून घेतलं. बोहुशने सही केली. गाडीत सात प्रवासी होते; समोर काय झालं ते त्याच्याशिवाय कुणीच पाहिलं नव्हतं.

तिचं नाव इवेता ह्राबेतोवा. वय एकतीस. गावातल्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. बोहुशचा वाचायचा चष्मा तिथलाच होता. तिनेच तो त्याच्या नाकावर बसवून दिला असेल, असं त्याला नंतर वाटत राहिलं, पण चेहरा आठवेना. आठवायचा तो फक्त काचेपलीकडचा.

त्याला दोन महिने रजा मिळाली. कंपनीच्या मानसोपचार तज्ज्ञ बाईंनी त्याचं शांतपणे ऐकून घेतलं. झोपेच्या गोळ्या दिल्या आणि एकच गोष्ट बजावली: मृताच्या घरच्यांना भेटायला जाऊ नका. स्तांदा रमची बाटली घेऊन आला. “मला एक सांग फादर, तुझा तो तेव्हा कुठे होता?” असं विचारून बसला, आणि विचारल्याबरोबर त्याचा चेहरा पडला. “सोड. गाढव आहे मी. पी.”

बोहुश कामावर परतला. बाहेरून सगळं पूर्वीसारखं चालू झालं. पण त्या दिवसापासून त्याला हात दिसायला लागले. फलाटावर पोरं गाडीला हात करायची, तो दचकायचा. दुकानात कुणी त्याला आधी जाऊ दिलं आणि हाताने ‘जा’ म्हटलं, की तो जागीच थांबायचा. केबिनची काच धुतली, की वाळताना पाण्याचे ओघळ जिथे थांबत, तिथे त्याला तिचा चेहरा यायचा. तिथलाच, तेवढ्याच उंचीवर. आणि चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी पाद्रीणबाई नोएमी आशीर्वादासाठी हात वर करायच्या. वीस वर्षं ज्या क्षणाची तो वाट पाहायचा, त्या क्षणी तो आता बुटांकडे बघत बसायचा.

एप्रिलमध्ये एक बाई फलाटावर त्याची वाट पाहत उभी होती. सत्तरीची, बुटकी, ताठ. हातात रिकामी कापडी पिशवी, घट्ट धरलेली.

“ह्रुदका तुम्हीच का?”

“हो.”

“मी तिची आई.”

तज्ज्ञ बाईंचं बोलणं त्याला आठवलं. पळून जावं, असंही वाटलं. तो केबिनमधून खाली उतरला.

“कागदावर घसरली असं लिहिलंय,” लिबुशे ह्राबेतोवा म्हणाल्या. “मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. घसरली?”

“घसरली,” बोहुश म्हणाला. दुसऱ्यांदा.

त्यांचे खांदे सैल पडले. त्या तिथल्या बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, “घरी छपराचं पन्हळ तुटलंय. तिच्याकडेच होती ती कामं. तुम्हाला जमतं का असलं?”

असं ते सुरू झालं. दर गुरुवारी दुपारची ड्यूटी संपली, की बोहुश त्यांच्याकडे जायचा. दारात बूट काढायचे, मांडून ठेवलेल्या सपाता घालायच्या, आधी काम, मग चहा आणि केक. पन्हळ झालं. कुंपण झालं. शरदात नासपती उतरवली. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्या म्हणाल्या, “शेजारीण सांगत होती, तुम्ही चर्चला जाता.”

“जातो.”

“जा. पण इथे त्यातलं काही काढायचं नाही. ‘ती चांगल्या ठिकाणी आहे’ वगैरे कुणी म्हटलं, की मला काहीतरी फेकून मारावंसं वाटतं.”

“नाही काढणार.”

“बरं. आणि हे ‘तुम्ही तुम्ही’ पुरे झालं. मी लिबुशे. मोठी मी आहे, तेव्हा ‘तू’ म्हणायचं मीच सुचवायला हवं.”

“बोहुश,” तो म्हणाला. दोघांनी हात मिळवले.

त्याने शब्द पाळला. चार हिवाळे त्याने त्या घरात देवाचं नाव काढलं नाही. गावात याची चर्चा व्हायची. व्लास्ताला आधी रागच आला. “तू काय पाप फेडतोयस का? तू तिला मारलं नाहीस!” पण मग तीच गुरुवारी सूपचा डबा बांधून द्यायला लागली. स्तांदा डेपोत नव्या पोरांना सांगायचा, “धर्म-बिर्म मला कळत नाही, पण असेल तर असा असेल.” ते ऐकलं, की बोहुश उठून बाहेर जायचा.

कारण त्याला ठाऊक होतं, हे सगळं कशावर उभं आहे. तो कुंपणाला रंग द्यायचा, आणि खाली ते खोटं असायचं. लिबुशे म्हणायच्या, “घसरली म्हणून तरी मी जगले, बोहुश. नाहीतर काय केलं असतं मी, देव जाणे.” ही बोलायची पद्धत होती फक्त. पण त्याच्या हातातला ब्रश थांबायचा. सुरुवातीला त्याला वाटलं होतं, की आपण दया केली. आता वाटायचं, की आपण एका बाईला तिच्या मुलीपासून तोडलं. खरी इवेता तिथे पाऊलवाटेवर त्याच्याकडे बघत उभी होती, एकटी, आणि तिला ओळखणारा तो एकटाच होता. इथे आई शोक करत होती तो दुसऱ्याच कुणाचा, घसरलेल्या एका मुलीचा.

प्रार्थना करायला बसलं, की आत कुणीतरी हात उचलायचं. माफ करा, जरा त्रास देते.

चौथ्या वर्षी मार्चमध्ये लिबुशेंचा पंचाहत्तरावा वाढदिवस झाला. भाचीकडे जेवण होतं. पुढच्या गुरुवारी बोहुश गेला, तेव्हा केक नव्हता. त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. गॅसवर बटाटे उकळत होते.

“बस.”

तो बसला.

“भाचीने दोन ग्लास वाइन घेतली आणि बोलली. सगळ्यांना माहीत आहे म्हणे, की इवेता स्वतःहून गेली. मला सांगत नाहीत एवढंच. दुकानातल्या पोरींना माहीत, तिच्या डॉक्टरला माहीत. मी म्हटलं, खोटं आहे, ड्रायव्हरने पाहिलंय.” त्यांनी हात ॲप्रनला पुसले. “तुझा देव माझ्या लेखी नाही, बोहुश. पण तुझ्या लेखी आहे, हे मी चार वर्षं बघतेय. तुमच्यात खोटं बोलणं चालत नाही ना? म्हणून तुलाच विचारते. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही. घसरली?”

बटाट्यांवरचं झाकण खडखडत होतं. बोहुशने ते पाहिलं, मग आपले हात पाहिले. तिसऱ्यांदा ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. त्याच्याच चांगुलपणाच्या जोरावर ते खपून गेलं असतं. त्याला भीती वाटली ती याचीच.

“नाही,” तो म्हणाला.

लिबुशे हलल्या नाहीत.

“ती उभी होती. घसरली नाही. तिने मला पाहिलं. हात असा केला.” त्याने हात उचलायचा प्रयत्न केला, पण तो टेबलावरून निघाला नाही. “माफी मागितल्यासारखा. पोलिसाने विचारलं, घसरली का, आणि मी हो म्हणालो. तुमच्यासाठी, असं मला वाटलं. मग तुम्हीही विचारलंत.”

त्याच्या तोंडून पुन्हा ‘तुम्ही’ आलं होतं.

त्यांनी गॅस बंद केला. 

“चार वर्षं,” त्या म्हणाल्या. “चार वर्षं तुम्ही माझ्या टेबलाशी बसून केक खाल्लात.”

“हो.”

“जा आता.”

त्याने सपाता काढल्या, नीट ठेवल्या, आणि गेला.

त्यानंतरचे आठवडे सगळ्यात वाईट होते. गुरुवारी ड्यूटी संपली, की पाय आपोआप त्या रस्त्याला वळायचे आणि तो स्वतःला माघारी ओढायचा. व्लास्ता म्हणाली, “खरं बोलून काय मिळवलंस? ती बरी जगत होती.”  तो पोलीस ठाण्यात गेला. तोच अधिकारी होता, आता जरा जाड झालेला. त्याने सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं.

“ह्रुदका, मला तेव्हाच माहीत होतं,” तो म्हणाला. “बर्फावर घसरल्याची खूण नव्हती. मी तुम्हाला शब्द पुरवला. तुम्ही घेतलात. आता आईला समजलंय ना? मग घरी जा. कागद तसाच राहू द्या.”

म्हणजे त्यानेही दयाच केली होती. दोघांनी मिळून.

शेवटी तो नोएमी पाद्रीणबाईंकडे गेला. त्या पस्तिशीच्या, दोन मुलांच्या आई. तीन गावांत मिळून मोजकी माणसं सांभाळायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात त्याने सगळं सांगितलं. क्षमेचं एखादं वचन त्या काढतील, असं त्याला वाटलं होतं. आणि ते काढू नये, असंही.

“तुम्हाला कशाचं जास्त लागलंय?” त्यांनी विचारलं. “खोटं बोलल्याचं, की खरं बोलल्याचं?”

“खरं सांगू? तिने हात केला, आणि मी परत हात केला नाही. दोन्ही हात ब्रेकवर होते. ती माफी मागत होती आणि तिला कुणी म्हटलंच नाही, की असू दे.”

 नोएमी म्हणाल्या, “मला यावर काही सुचत नाही, बोहुश. मी रोज प्रार्थनेत तुमच्या नावाबरोबर तिचं नाव घेईन. एवढं करू शकते.” आणि त्यांनी त्याच्यापुढे सूप ठेवलं. घरी जाताना त्याच्या लक्षात आलं, की या एवढ्या दिवसांत त्याला न समजावणारं हे पहिलंच माणूस भेटलं.

सातव्या आठवड्यात फोन आला.

“मला तिथे जायचंय,” लिबुशे म्हणाल्या. ना नमस्कार, ना काही. “बसने गेले तर तीन किलोमीटर चालावं लागतं. गुडघा नाही म्हणतो. तुमची गाडी आहे ना?”

मे महिना होता. हॉप्सच्या वेली तारांवर चढायला लागल्या होत्या. बोहुशने गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि ती दोघं पाऊलवाटेने रुळांपर्यंत चालत गेली. इतक्या वर्षांत त्याने ती जागा फक्त वरून पाहिली होती, काचेतून. खाली गवत होतं, पिवळी फुलं होती, बिअरचा एक चेपलेला डबा.

“कुठे?”

त्याने दाखवलं.

त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. वळणाकडे बघत.  गाडीची वेळ बोहुशला पाठ होती, अजून अकरा मिनिटं होती, तरी तो म्हणाला, “लिबुशे, बाजूला ये.”

“थांब जरा. तिला काय दिसत होतं ते बघू दे.”

बघून झाल्यावर त्या आल्या. दोघं बांधावर बसली. गाडी आली. स्तांदा चालवत होता. त्याने बोहुशला ओळखलं, कुठे बसलाय ते पाहिलं आणि भोंगा न वाजवता, फक्त टोपी काढून पुढे गेला. वारा अंगावर आला. बोहुश थरथरायला लागला. दात वाजायला लागले, थांबेनात. लिबुशेंनी त्याच्या कोटाची बाही धरली, बाजारात लहान पोराची धरतात तशी, आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत धरून ठेवली.

“आयुष्यभर ती माफी मागायची,” त्या म्हणाल्या. “खुर्चीला धडकली तरी खुर्चीची. मला ठाऊक होतं रे. तू सांगायच्या आधी. कदाचित पहिल्या दिवसापासून. तुझ्या त्या एका शब्दाला धरून मी नाही म्हणत राहिले.” त्यांनी पिशवीतून चरबी लावलेला पाव काढला, अर्धा त्याला दिला. “तुझ्यावरचा राग गेलाय असं समजू नकोस.”

“नाही समजत.”

“तुम्ही लोक अशा वेळी काय म्हणता?”

आयुष्यभर त्याने या प्रश्नाची वाट पाहिली होती, की कुणीतरी आपणहून विचारेल. तो उभा राहिला. हे आमच्या बापा, असं त्याने सुरू केलं. लहानपणापासून पाठ असलेली ती प्रार्थना ‘जशी आम्ही आमच्या ऋण्यांना’ या क्षमेच्या ओळीवर येऊन अडकली. पुढे शब्दच येईना.  लिबुशेंनी डोळे मिटले नव्हते. त्या त्याच्याकडे बघत होत्या.

“विसरलास?”

“नाही. जमत नाहीये.”

“मग राहू दे,” त्या म्हणाल्या. “बस. पाव खा.”

गुरुवार पुन्हा सुरू झाले. केक मात्र पहिल्यासारखा दर वेळी नसे. कधी त्या नुसत्या रागावून बसायच्या आणि तो लाकडं फोडून निघून यायचा. काचेवरचा चेहराही गेला नाही. आता तो लिपोव्काच्या वळणावर आला, की ब्रेकवरचा एक हात उचलतो, छातीइतका, आणि पुन्हा ठेवतो. कंपनीच्या नियमात हे बसत नाही. कुणी पाहिलं तर तो काही सांगणार नाही.

नोव्हेंबरमध्ये, मृतांच्या स्मरणाच्या रविवारी, चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी तो पहिल्यांदा मोठ्याने बोलला. “इवेता ह्राबेतोवा,” एवढंच. गुरुवारी त्याने लिबुशेंना हे सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण त्यांच्यापासून आता काही लपवायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

त्या विणत होत्या. सुया थांबल्या.

“पूर्ण नाव घेतलंस?”

“पूर्ण.”

“मग? काय झालं?”

“बाकीचे आमेन म्हणाले.”

“किती जण होतात?”

“मला सोडून नऊ.”

“म्हणजे माझ्या पोरीच्या नावाला नऊ माणसं आमेन म्हणाली?”

“आठ,” बोहुश म्हणाला. “ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना ऐकू येत नाही.”

लिबुशे हसल्या. इतक्या वर्षांत त्याने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. जाडसर, खोकल्यासारखं हसू होतं ते. मग विणकाम तोंडावर दाबून त्या रडायला लागल्या.  बऱ्याच वेळाने त्यांनी लोकरीतूनच विचारलं, “त्या ऑर्गनवालीच्या कानात जाऊन कुणी सांगितलं नाही का?”

“नाही सुचलं.”

“मग पुढच्या रविवारी सांग,” त्या म्हणाल्या.